माहेर सापडले नाही

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, हे अमरावती जिल्ह्यात कुणाला पुराव्यानिशी सांगावे लागत नाही. वर्धा नदीच्या काठी, अमरावतीपासून चाळीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. इथून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. ती १५९४ पासून जाते असे गाव सांगते. जावयाच्या घरी इतकी वर्षे पायी जाणाऱ्या गावाकडे माहेरपणाचा दाखला मागायची हिंमत आजवर फक्त इंटरनेटने केली आहे.

समजा, इथल्या एखाद्या सभामंडपाची भिंत रिकामी आहे आणि कार्तिकातली जत्रा तोंडावर आली आहे. चार मंडळी तालुक्यातल्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे जातात. असे मास्तर वऱ्हाडात तालुक्याला एक तरी असतातच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी तीस वर्षे पोरे बसवलेली असतात आणि बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या असतात. मंडळींची मागणी साधी असते. “मास्तर, रुक्मिनीचं चित्र काढाचं हाय. जुनं पायजे, पन रंग नवा पायजे.”

कॅलेंडरवरून काढून दिले असते तर मास्तरांचे काम चार दिवसांत उरकले असते. पण मास्तर हाडाचे. आधीच्या चित्रकारांनी ही पोरगी कशी काढली, हे पाहिल्याशिवाय ते चुन्याला हात लावणार नाहीत. पूर्वी अशा वेळी ते नागपूरला जात, तिथले १८६३ सालचे संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, पाहून येत. नाहीतर शहरातल्या वाचनालयात कलेच्या इतिहासाचे एखादे जाडजूड पुस्तक काढत आणि नेमके हवे ते रंगीत पान कुणीतरी ब्लेडने कापून नेल्याचे पाहून परत येत. आता नातू म्हणतो, “आबा, कायले जाता नागपूरले? सारं नेटवर हाय.”

ते खरेही आहे. सारे नेटवर आहे. फक्त ते कुठल्या नावाने आहे हे नातवाला ठाऊक नसते आणि नेटलाही नसते.

पहिला शोध मराठीत होतो: ‘रुक्मिणी चित्र’. पडद्यावर आधी येतात मालिकांमधल्या रुक्मिणी. भुवया कोरलेल्या, चेहऱ्यावर मेणाची तकाकी. त्यांच्या मागोमाग येतात यंत्राने काढलेल्या रुक्मिणी, खाली गुलाबाच्या फुलांत ‘शुभ सकाळ’. मास्तर चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाकाशी धरतात. आयुष्यभर पोरांना हाताचा पंजा काढायला शिकवलेला माणूस तो. दहा सेकंदांत मोबाइल परत देऊन म्हणतो, “बोटं मोज बे.” नातू मोजतो. सहा भरतात.

दुसऱ्या शोधात माहेरावरच गदा येते. अरुणाचल प्रदेशात रोइंगजवळ भीष्मकनगर आहे आणि रुक्मिणी तिथली, अशी इदू मिश्मी लोकांची परंपरा. उत्तर प्रदेशातले कुदरकोटही तोच हक्क सांगते. लग्न म्हणे गुजरातेत पोरबंदरजवळच्या माधवपूरला लागले आणि २०१८ पासून तिथल्या जत्रेत ईशान्येकडची मंडळी वधूपक्ष म्हणून येतात. म्हणजे एका रुक्मिणीला तीन माहेरे, आणि वधूपक्षाच्या मांडवात वऱ्हाडाला खुर्चीसुद्धा नाही. वऱ्हाडातल्या वऱ्हाडात भांडण आहे ते वेगळेच. श्रीकृष्णाने रुक्मिणीला ज्या अंबिकेच्या देवळातून नेले ते कौंडण्यपूरचे, असे कौंडण्यपूर म्हणते. ते अमरावतीच्या अंबादेवीचे, असे अमरावती म्हणते. दोन्हींची सोय व्हावी म्हणून लोकांनी मध्ये एक भुयार खोदून ठेवले आहे. ते अजून कुठल्याही नकाशावर आलेले नाही, ही एक बरी गोष्ट. नाहीतर त्यालाही पाच चांदण्यांचा अभिप्राय आला असता.

मग नातू हुशारी करतो. म्हणतो, रुक्मिणी राहू द्या, आधी जिल्हा टाकू. परदेशी संग्रहालयांच्या याद्या खुल्या आहेत, त्यांत आपल्या जिल्ह्याचे काय आहे ते पाहू. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर तो ‘अमरावती’ टाकतो आणि घरात एकदम शांतता पसरते. शेकडो नोंदी! संगमरवरासारखे पांढुरके दगड, त्यांवर कमळे, हत्ती, माणसांची दाटी. लंडनमध्ये अमरावतीच्या नावाचे अख्खे दालन. मास्तरांच्या मनात तेवढ्यात जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचे पहिले वाक्य तयारही होते.

ते निवेदन चुकीच्या जिल्ह्यात गेले असते. ही अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची. तिथल्या स्तूपाचे दगड सर वॉल्टर इलियट यांनी १८४५ मध्ये खणून काढले, मद्रासला नेले आणि १८५९ मध्ये ते लंडनला रवाना झाले. आपल्या अमरावतीने त्याच सुमारास इंग्लंडला जे पाठवले ते नरम होते. तो कापूस होता आणि तो संग्रहालयात न जाता गिरणीत गेला.

अकोल्याची गत याहून न्यारी. कलेच्या याद्यांत ‘अकोला’ शोधावा तर समोर येते राजस्थानातल्या चित्तोडगड जिल्ह्यातले आकोला आणि तिथले दाबू छपाईचे सुरेख कापड. मास्तर ते कापड पाच मिनिटे डोळे भरून पाहतात. चुकलेल्या पत्त्यावरसुद्धा चांगले घर निघू शकते, हे त्यांना मान्य आहे.

इथून खरा अभ्यास सुरू होतो, आणि तो चित्रकलेचा नसून शुद्धलेखनाचा असतो, उलट्या दिशेचा. संग्रहालयांच्या नोंदी बहुतेक जुन्या रजिस्टरांवरून उतरलेल्या. रजिस्टर ज्याने भरले त्याने गावाचे नाव कानाने ऐकले होते आणि तो कान गोऱ्या साहेबाचा होता. त्यामुळे वऱ्हाड सापडत नाही, ‘बेरार’ सापडते. अचलपूर सापडत नाही, ‘एलिचपूर’ सापडते. वाशीम ‘बासिम’ म्हणून दडलेले असते आणि टंकताना एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की माणूस थेट वसईच्या किल्ल्यात पोर्तुगिजांसमोर उभा राहतो. खुद्द अमरावतीच्या जिल्हा गॅझेटिअरवर, १९११ च्या नेल्सन आणि फिट्झजेराल्ड यांच्या, नाव आहे ‘अम्राओती’. लिव्हरपूलच्या कापूस दलालांनी तर त्याआधीच तिचे ‘ऊमरावटी’ करून, तेही जड वाटले म्हणून, नुसते ‘ऊमरा’ करून टाकले होते.

कौंडण्यपूरने तर साहेबाची वाटही पाहिली नाही. कौंडण्यपूर, कौंडिण्यपूर, कुंडिनपूर, कुंदनपूर, नुसते कुंडिन: हे सगळे एकाच गावाचे, आणि सगळे आपलेच कर्तृत्व. पुराणिकांचे एक, पोथीचे एक, एसटीच्या पाटीचे एक. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी इथे उत्खनन केले. प्राचीन मणी आणि काच यांतले ते मोठे जाणकार. त्यांचा अहवाल राज्य सरकारने १९६८ मध्ये इंग्रजीत छापला, त्यावर गावाचे नाव आहे ‘कौंडिण्यपुरा’. शेवटच्या ‘रा’चा काना खाल्ला की काही याद्या सरळ हात वर करतात. गावातल्या माणसाला गावाचे नाव धड लिहिता येत नाही, असा त्यांचा नम्र समज.

आयुष्यभर पोरांच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लावणारे मास्तर आता नातवाशेजारी बसून अशुद्ध सुचवू लागतात. “ऊ दोनदा दे. आता ‘व’च्या जागी डब्ल्यू. टी डबल कर.” नातवाचा अंगठा दुखून येतो. शेवटी तो विचारतो, “आबा, आता कोन्या चुकीनं लिवू?”

कला-संशोधनाच्या कुठल्याही प्रबंधात इतका नेमका प्रश्न क्वचितच सापडेल.

चूक नेमकी जमली की मात्र दार उघडते, आणि आत जे आहे ते पाहून मास्तर खुर्ची पुढे ओढतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ७ फेब्रुवारी २०१७ रोजी पावणेचार लाख चित्रफोटो सगळ्या जगाला फुकट खुले केले. घ्या, छापा, भिंतीवर काढा, विचारू नका. क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसेच केले. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम त्याही आधी, २०१२ पासून, सव्वा लाख चित्रांनिशी दुकान उघडून बसले होते. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय संग्रहालयांच्या नोंदींसाठी संगणकप्रणाली केली, तिचे नाव ‘जतन’. गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजकडे देवळांच्या आणि शिल्पांच्या छायाचित्रांचा मोठा साठा आहे, तोही ऑनलाइन पाहता येतो. अमुक चित्राचे माप किती, कागद कुठला, कुणाच्या हातून कुणाकडे गेले, कुठल्या साली संग्रहालयात आले, सगळे लिहिलेले. सातबारा इतका स्वच्छ असता तर तालुक्यातले निम्मे दावे मिटले असते.

आणि या याद्यांत रुक्मिणी आहे! अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला कांगड्याकडच्या पहाडी चित्रकारांनी तिच्या लग्नाच्या मालिकाच्या मालिका रंगवल्या. चंब्याच्या बायकांनी तोच प्रसंग रुमालांवर भरला. मास्तर एक चित्र अंगठा आणि तर्जनीने ताणून मोठे करतात. आधी रथ, मग घोडा, मग घोड्याचा डोळा, मग त्या डोळ्यावरची पापणी. आणखी ताणले तर पापणीचे केस वेगवेगळे होतात, एकेक रेघ एकाच फटकाऱ्यात ओढलेली, सुरुवातीला जाड आणि शेवटी नाहीशी होणारी. खारीच्या शेपटीच्या चार केसांचा कुंचला असा चालतो हे मास्तरांनी पोरांना तीस वर्षे तोंडी सांगितले होते. डोळ्यांनी ते आज पाहत आहेत, पडवीत बसून, साडेसहा इंचांच्या काचेवर. अजब बंगल्यात हे दिसले नसते. तिथे काचेपासून दोन फुटांवर दोरी असते आणि दोरीपाशी पहारेकरी.

तेवढ्यात रेंज जाते. घोड्याचा डोळा चौकोनी होतो.

रेंज परत आल्यावर पहिला आक्षेप नातू घेतो. चित्रात कुंडिनपूर आहे, पण ते आपले नाही. पांढऱ्याशुभ्र गच्च्या, मागे हिरवेगार डोंगर, खाली झुळझुळ ओढा. पहाडी चित्रकाराने विदर्भ कधी पाहिलाच नव्हता. त्याने आपल्या अंगणाबाहेरचा डोंगर उचलून रुक्मिणीच्या बापाच्या, भीष्मक राजाच्या, वाड्यामागे ठेवून दिला. वैशाखात पंचेचाळीस अंश तापणाऱ्या गावाला असा थंडगार शेजार मिळाल्याबद्दल वऱ्हाडाने कांगड्याचे आभारच मानले पाहिजेत.

मास्तरांचा आक्षेप वेगळा आणि जास्त गंभीर. चित्राखालच्या ओळीचा नातू अर्थ सांगतो: ‘रुक्मिणीचे अपहरण’. दुसऱ्या संग्रहालयात जरा बरे: ‘रुक्मिणीचे पलायन’. मास्तर भडकतात. “अपहरन? कोनाचं अपहरन? आमच्या पोरीले कोनी पयवून नाई नेलं. तिनं सोता चिठ्ठी धाडली व्हती!”

कागदोपत्री मास्तर बरोबर आहेत. भागवताच्या दहाव्या स्कंधात ती चिठ्ठी आहे, सात श्लोकांची. त्यात भावना आहेतच, पण व्यवस्थाही चोख आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर जायची आमची रीत आहे, तिथे या, असे तिने स्वतः कळवले. म्हणजे तारीख, ठिकाण आणि बाहेर पडायचे निमित्त हे तिन्ही वधूनेच पुरवले. याला अपहरण म्हणायचे तर कुरिअरने मागवलेल्या वस्तूला दरोडा म्हणावे लागेल.

गंमत अशी की युरोपीय कलेत बाई उचलून नेण्याचा एक जुना आणि प्रशस्त खण आहे. युरोपाला बैल नेतो, सॅबाइन बायकांना रोमन नेतात, प्रोसर्पिनाला पाताळाचा देव नेतो. बर्निनीने १६२१-२२ मध्ये घडवलेल्या प्रोसर्पिनाच्या गालावर तर संगमरवराचा अश्रू आहे. त्या खणाची सवय लागलेल्या हाताने रुक्मिणीचा रथही त्यातच सरकवला, इतकेच. रथात बसलेली बाई रडते आहे की मागे वळून भावाच्या सैन्याकडे पाहत हसते आहे, हे पाहायला कारकुनाला वेळ नव्हता.

पण साहेबालाच का बोल लावा? ‘रुक्मिणीहरण’ हा शब्द आपणच वापरतो. यंत्राच्या भाषांतरात तर ‘हरण’ शब्दाचे काय होईल याचा भरवसा नाही. त्याला चार पाय आणि शिंगेसुद्धा फुटतात. या बाबतीत सर्वांत दक्ष निघाले ते आपले जुने लोक. तेराव्या शतकात महदंबेने याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ग्रंथ पुरा केला आणि त्याला नाव दिले ‘रुक्मिणी स्वयंवर’. हरण नव्हे, स्वयंवर. संग्रहालयाच्या भाषेत सांगायचे तर नाथांनी साडेचारशे वर्षांपूर्वीच टॅग दुरुस्त केला होता. दुरुस्ती न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली नाही, पण लग्न जमत नसलेल्या पोरींच्या घरोघरी ती पोहोचली. ज्या पोथीचे नाव ‘हरण’ आहे तिचे पारायण कुठली आई मुलीला करू देईल?

कुंडिनपूरची दुसरी लेक शोधायला मात्र अजिबात कष्ट पडत नाहीत. नळाची दमयंतीही इथलीच, विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. राजा रविवर्म्याने १८९९ मध्ये ‘हंस-दमयंती’ रंगवली. मूळ चित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आहे आणि त्याच्या नकला देशभरातल्या भिंतींवर. लाल साडी, संगमरवरी कठडा, समोर हंस. वऱ्हाडच्या पोरीला इतकी प्रसिद्धी आधी कधी मिळाली नाही आणि नंतरही नाही. अडचण एवढीच की ती पडद्यावर शंभर ठिकाणी दिसते आणि तिची साडी शंभर रंगांची दिसते. एका ठिकाणी डाळिंबी, एका ठिकाणी विटकरी, एका ठिकाणी थेट भगवी. नातू विचारतो, खरी कोणती? मास्तर सांगतात, तिरुवनंतपुरमला.

हे दुखणे एकट्या दमयंतीचे नाही. व्हर्मीरने १६६० च्या आसपास रंगवलेली दूध ओतणारी मोलकरीण राइक्सम्युझियममध्ये आहे. तिच्या इतक्या पिवळट, कळकट नकला नेटवर पसरल्या की संग्रहालयाच्या दुकानातले अस्सल रंगाचे पोस्टकार्ड पाहून लोक म्हणू लागले, हे काही खरे वाटत नाही! संग्रहालयाने मोजले तर अशा नकला दहा हजारांवर निघाल्या. शेवटी त्यांनी स्वतःच उत्तम फोटो फुकट सोडला, निदान खोट्यासमोर खरे तरी उभे राहील म्हणून. ‘पिवळी गवळण’ म्हणून हा आजार आता जगात ओळखला जातो. आपल्याकडे त्याला ‘फॉरवर्ड केलेला फोटो’ म्हणतात.

काही दारे अर्थात बंदच असतात. वऱ्हाडातल्या जुन्या देवळांची साहेबी काळातली छायाचित्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिच्या संगणकांवर हल्ला झाला आणि घरबसल्या पाहता येणारे पुष्कळसे एकाएकी दिसेनासे झाले. स्वतःच्या तालुक्यातले देऊळ लंडनच्या संगणकात अडकते म्हणजे काय, हे तेव्हा अनेकांना कळले. ते देऊळ एसटीने पस्तीस मिनिटांवर होते, ही गोष्ट निराळी. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, पण त्यांत कधी पान तिरपे, कधी पानच नाही, कधी ओळीवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. मास्तरांना तो अंगठा आवडतो. इतक्या यंत्रांच्या गर्दीत कुणीतरी माणूस दिसला, म्हणतात. शोधनिबंधांच्या दाराशी तर खाते उघडा, पासवर्ड द्या, पैसे भरा. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत कुलूपबंद करून ठेवले होते, तेव्हा लोकांनी नावे ठेवली. ते फक्त सातशे वर्षे पुढे होते.

अशी तीन आठवड्यांची मुशाफिरी संपते आणि मास्तर शिडी लावतात. रथ कांगड्याच्या वळणाचा, घोड्याच्या पापणीला चार केस जास्तच. साडी दमयंतीवरून, रंग त्यांच्या मते तिरुवनंतपुरमचा. मागचा डोंगर मात्र पुसून तिथे वर्धा नदी येते, उन्हाळ्यातली, अर्धी वाळू. रुक्मिणीच्या हातात लेखणी असते. मंडळींपैकी एक जण विचारतो की रथात बसल्यावर लेखणी कशाला. मास्तर वरून खाली न पाहता म्हणतात, “पुरावा हाय तो.” चित्राखाली ठळक अक्षरांत: ‘रुक्मिणी स्वयंवर, कौंडण्यपूर’.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी नातू फोटो काढून नकाशावर चढवतो. घाईत तो सवयीचाच शब्द टाकतो, ‘रुक्मिणी हरण’. पिन नदीपल्याड वर्धा जिल्ह्यात पडते. रात्रीतून अकरा जणांना चित्र आवडते. बाराव्याने, कुठल्याशा दूरच्या प्रांतातल्या, यंत्राकडून मराठी करवून घेऊन लिहिलेले असते: ‘चित्र खूप सुंदर. पण हरीण कुठे आहे?’

नातू ते मोठ्याने वाचतो. मास्तर काही बोलत नाहीत. सकाळी मंडळी सभामंडपात येतात तेव्हा शिडी पुन्हा भिंतीला लागलेली असते आणि रथाच्या मागच्या चाकापाशी, वर्धेच्या वाळूत, वितभर उंचीचे एक हरीण मान वळवून उभे असते.